पत्रा आतून का सडतो?

‘थोडाच गंज आहे, घासून पुट्टी भरा, रंग मारा, वीस वर्षं बघायला नको.’ जुनी गाडी नव्याने उभी करायला निघालेल्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतो. आणि दोन पावसाळ्यांत नेमक्या त्याच जागी रंगाला फोड येतात. मग रंगाला नावं ठेवली जातात, मिस्त्रीला बोल लावला जातो. चूक खरं तर गंजाबद्दलच्या समजुतीत असते. गंज वरून लागतो असं आपण धरून चालतो, पण गाडीच्या पत्र्यात तो बहुतेक वेळा आतून बाहेर येतो.

नाशिकच्या आडगाव नाक्याजवळच्या एका गॅरेजात सध्या पुढे बॉनेट असलेल्या एका जुन्या टाटा-मर्सिडीज ट्रकचं काम चाललं आहे. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीज बनवणारी जर्मन कंपनी डायम्लर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ असा पंधरा वर्षं चालला, त्या काळातलं हे धूड. बॉनेटवरचा रंग कधीच उडालेला, वरचा पत्रा सगळा तांबूस, पण ग्राइंडर फिरवला की खाली चकचकीत पोलाद निघतं. मडगार्डचा पत्रा मात्र जिथे आतल्या पट्टीवर दुमडून बसवलाय, तिथे रंग शाबूत दिसत होता आणि स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तरी आरपार जात होता. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडला. मग उघडा भाग वाचला आणि झाकलेला कसा सडला?

याचं उत्तर गंजाचा अभ्यास करणारे केंब्रिजचे शास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात मिठाच्या पाण्याच्या एका थेंबात दाखवलं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण तो शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येतो. स्वच्छ घासलेल्या लोखंडी पत्र्यावर थेंब ठेवायचा. पाण्यात आधीच दोन दर्शक मिसळायचे: फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे अल्क तयार होईल तिथे गुलाबी रंग येतो, आणि पोटॅशियम फेरीसायनाइड, म्हणजे लोखंड विरघळेल तिथे निळा. थोडा वेळ गेला की थेंबाचा मधला भाग निळा होतो, कड गुलाबी होते आणि दोघांच्या मध्ये गंजाचं तांबूस कडं उमटतं.

कडेला थेंब पातळ असतो, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन तिथे सतत पोचत राहतो. मध्यभागी पाण्याचा थर जाड, तिथला ऑक्सिजन लवकर संपतो. आता मध्यभागी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच कडेकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन आणि पाणी मिळून त्यांच्यापासून हायड्रॉक्साइड आयन बनवतात. म्हणजे ऑक्सिजन खर्च होतो एका जागी आणि लोखंड झिजतं भलत्याच जागी! एकाच पत्र्यावर, एकाच थेंबात विद्युतघट तयार झाला: कड कॅथोड, मध्य अ‍ॅनोड.

दुमडलेल्या पत्र्याची सांद म्हणजे या थेंबाचा मध्यभाग. आत पाणी केशाकर्षणाने शिरतं आणि बाहेर पडत नाही. आतला ऑक्सिजन संपतो, बाहेरच्या कडेला तो भरपूर असतो. कॅथोड मोठा आणि अ‍ॅनोड चिमुकला असला की बाहेरच्या सगळ्या क्षेत्रफळावर जमा होणारा प्रवाह सांदीतल्या इवल्याशा जागेतून वसूल होतो. शिवाय विरघळलेले लोहआयन पाण्याशी अभिक्रिया करून आम्ल तयार करतात, त्यांचा धनभार तोलायला पाण्यातल्या मिठाचे क्लोराइड आयन बाहेरून आत ओढले जातात, आणि आम्ल व क्लोराइड मिळून झीज आणखी वाढवतात. कॅथोडकडे तयार होणारं अल्क रंगाची पकड सोडवतं, म्हणून फोड येतात.

जेवढा प्रवाह वाहतो तेवढ्या प्रमाणात धातू विरघळतो, या फॅरडेच्या नियमाने हिशेब करून बघा. फक्त १ मिलिअँपिअर प्रवाह वर्षभर वाहिला तर साधारण ९ ग्रॅम लोखंड विरघळतं. १ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात हे म्हणजे जवळपास साडेतीन सेंटिमीटर लांब-रुंद भोक.

नाशिकची हवा कोरडी, इथे गाड्या गंजत नाहीत, असंही ऐकायला मिळतं. पण इथले ट्रक कांदा आणि द्राक्षं घेऊन कसारा घाट उतरतात, मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरात खाऱ्या वाऱ्यात उभे राहतात आणि ते मीठ सांदीत घेऊन परततात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतून पाणी ओढून ओलं होतं. आपल्या पावसाळ्यात ही मर्यादा रोज रात्री ओलांडली जाते. त्यातून गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असतं, त्यामुळे फुगलेला गंज जोड उचकटतो आणि नव्या पाण्याला वाट करून देतो.

म्हणून वरून पुट्टी भरणं हा उपाय नाही. सांद मागून ओलीच राहते. ‘गंजाचं रूपांतर’ करणारी औषधंही जाहिरातीत म्हणतात तशी जादू करत नाहीत. त्यातलं फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्ल पृष्ठभागावरच्या पातळ गंजावर खरोखर काम करतं, पण पापुद्रे सुटलेल्या सांदीच्या तळाशी ते पोचतच नाही. सडलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि त्याच जाडीचा तुकडा टोकाला टोक भिडवून बसवायचा. एकावर एक चढवून जोडला तर नवी सांद आपणच तयार करतो.

इथे सीओटू वेल्डिंग (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणाखाली तारेने केलेलं वेल्डिंग) लागतं, आणि संयम. वेल्डजवळचं तापलेलं पोलाद प्रसरण पावू बघतं, पण भोवतालचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही, म्हणून ते दाबलं जाऊन कायमचं जाड होतं. थंड होताना ते आखडतं आणि पत्र्याला पोट येतं. चांगला मिस्त्री एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब असे टाके मारतो, मध्ये पत्रा निवू देतो आणि मग मागे डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, टेकवून हातोडीने वेल्ड ठोकतो. या ठोकण्याने आखडलेलं पोलाद पुन्हा लांबतं.

जस्ताचा मुलामा असलेला पत्रा जोडायचा असेल तर आधी जोडाजवळचं जस्त घासून काढा. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश लागतात. त्यामुळे जस्ताचा पांढरा धूर उठतो आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. गूळ खाल्ला किंवा दूध प्यायलं की हा धूर बाधत नाही, असं अनेक गॅरेजांत मानतात. ते साफ खोटं आहे. धूर फुप्फुसात जातो आणि गूळ पोटात. मालकाने कामगाराला गुळाचा खडा देऊन मोकळं होऊ नये. धुरासाठीचा मास्क आणि वारा खेळेल अशी जागा द्यावी.

वेल्ड झाल्यावर जोडाच्या मागच्या बाजूला प्रायमर आणि त्यावर पोकळीत फवारायचं मेण, हे राहिलं तर बाकीचं सगळं वाया जातं. आणि कारखान्याने दरवाजाच्या, मडगार्डच्या तळाशी पाणी निघायला ठेवलेली भोकं रंग मारताना बुजवू नका. बुजली असतील तर तारेने मोकळी करा.