हवा तापवायची की हात?

धुळ्यात डिसेंबरच्या पहाटे आमचे नाना घरामागच्या, पत्र्याचं छप्पर असलेल्या सुतारकामाच्या शेडमध्ये शिरतात आणि आधी फडक्याने रंधा पुसतात. रात्री पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि थेंबथेंब खालच्या अवजारांवर पडतं. "काय थंडी पडी राह्यनी भो!" म्हणत त्यांनी यंदा हीटर घ्यायचं ठरवलं आणि कोणता घ्यायचा, हे मला विचारलं.

आधी थंडीचं गणित. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात नोंदला जाणारा किमान पारा डिसेंबर-जानेवारीत सात-आठ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. दुपारी मात्र घाम येईल इतकं ऊन. आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे जमिनीची आणि छपराची उष्णता रात्री सरळ आकाशाकडे निघून जाते. पातळ पत्रा तर भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो, म्हणून त्यावर दव धरतं. म्हणजे नानांना ऊब हवी ती सकाळचे दोन-तीन तास आणि रात्री जेवणानंतर थोडा वेळ. दिवसभर नाही.

शेड पाच मीटर लांब, चार रुंद, तीन उंच. आतली हवा सुमारे ७२ किलो. ती दहा अंशांनी तापवायला फक्त ०.२ युनिट वीज लागते. २००० वॅटचा ब्लोअर, म्हणजे पंख्याने गरम हवा फेकणारा हीटर, हे काम सहा मिनिटांत करील. मग अडचण कुठे? ऊब टिकवण्यात. २० चौरस मीटरच्या उघड्या पत्र्यातूनच साधारण १२०० वॅट बाहेर जातात, नऊ इंची विटांच्या भिंतींतून जवळजवळ तेवढेच, आणि शटरच्या फटींचं वेगळंच. ब्लोअर घोंघावत राहतो आणि नाना कुडकुडत राहतात. शिवाय हवा कोमट झाली तरी डोक्यावरचा गार पत्रा अंगातली उष्णता ओढतच असतो.

दुकानदार तेलाचा रेडिएटर दाखवतो, 'कमी वीज, जास्त उष्णता' म्हणतो. ते खरं नाही. तार तापवून चालणारा कुठलाही हीटर २००० वॅट घेतो आणि २००० वॅटच देतो. फरक ती उष्णता कुठे जाते याचा. रेडिएटर आधी स्वतः तापतो, मग सावकाश खोलीभर पसरवतो. बंद झोपायच्या खोलीत छान, दोन तासांच्या कामाला नाही. लाल होणाऱ्या क्वार्ट्झ दांड्यांचा हीटर मात्र अवरक्त किरण फेकतो. ते हवेत फारसे न अडकता सरळ अंगावर, हातावर, पक्कडीवर पडतात. शेकोटीपुढे बसल्यावर तोंड भाजतं आणि पाठ गार राहते, तोच प्रकार. माझं मत याच्याच बाजूने.

पण तो जमिनीवर ठेवायचा नाही. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत येते, आणि लाल दांडी तिला पेटवायला पुरेशी आहे. भुसाही खालीच साचतो. हीटर भिंतीवर उंच, बाकड्याकडे थोडा झुकवून. आणि पॉलिश-रंगाच्या दिवशी बंद. २००० वॅटला जवळजवळ नऊ अँपिअर लागतात, तेव्हा सहा अँपिअरचं सॉकेट नको, सोळाचंच हवं.

कोळशाची शेगडी शटर ओढून घेतलेल्या शेडमध्ये नकोच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. गॅसच्या हीटरचा आणखी एक त्रास: एक किलो गॅस जळताना सुमारे दीड लिटर पाण्याची वाफ होते. ती जाऊन बसते गार पटाशीवर. गंज विकतच घेतल्यासारखं.

नानांनी शेवटी आधी पत्र्याचं काम काढलं. आतून दोन इंची ग्लासवूल, खाली जिप्सम बोर्ड. छपरातून जाणारे १२०० वॅट हिशेबाने दोनशेच्या आत आले. थर्मोकोल स्वस्त पडला असता, पण ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात तिथे तो लावू नये. खरं तर त्यांचा डोळा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, उन्हावर होता; मे महिन्यात हाच पत्रा तव्यासारखा तापतो.

हीटर नंतर आला, १००० वॅटचा. फेव्हिकॉलचा डबा मात्र नाना अजूनही रात्री स्वयंपाकघरात आणून ठेवतात. दहा अंशांच्या खाली तो नीट धरत नाही, वाळल्यावर खडूसारखा पांढरा पडतो, आणि पहाटे पाचला शेडमध्ये कोण हीटर लावायला जाणार?