सीलच्या पेटंटचा दावा ‘ऑब्व्हियस’ म्हणून नाकारला, तर उत्तर कसे द्यायचे?

कमोडखाली बसणाऱ्या सीलसाठी अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला आणि परीक्षकाने पेटंट कायद्याचे कलम १०३ लावून दावा (म्हणजे कशावर हक्क हवा ते सांगणारे कलम) ‘ऑब्व्हियस’, म्हणजे जाणकाराला सहज सुचण्याजोगा, म्हणून नाकारला, असे अनेकदा घडते. कारण साधारण असे असते: एका जुन्या पेटंटात मेणाच्या रिंगऐवजी रबरी कडे आहे, दुसऱ्यात पाइपच्या जोडावर दबणारी घडीदार नळी आहे, दोन्ही जोडले की झाले तुमचे सील.

यावर ‘हे दोन्ही आजवर कुणी एकत्र केलेले नाही’ असे लिहून भागत नाही. ते नावीन्याचे, म्हणजे कलम १०२ चे उत्तर झाले. इथे प्रश्न असा, की अर्जाच्या तारखेआधी या कामातल्या सामान्य जाणकाराला ही जोडणी करावीशी वाटावी असे काही कारण होते का, आणि ती चालेल अशी वाजवी अपेक्षा होती का. ते कारण जुन्या पेटंटात लिहिलेलेच असले पाहिजे असे नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या केएसआर निकालात स्पष्ट केले. मात्र परीक्षकाने ते मांडायला हवे. नुसते ‘उघड आहे’ म्हणणे पुरत नाही.

म्हणून दोन्ही पेटंटे आकृत्यांसकट मुळातून वाचा. समजा, पहिल्यातले कडे मुद्दाम कडक ठेवलेय, कमोड डुगडुगू नये म्हणून. तिथे मऊ घडीदार नळी बसवली तर त्या शोधाचा हेतूच बुडतो. माझ्या मते याहून भक्कम मुद्दा नाही. ‘दुसरे पेटंट वेगळ्या क्षेत्रातले आहे’ ही हरकत मात्र सहसा लंगडी पडते, कारण गळती थांबवणे हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

उत्तरासोबत सुधारित दाव्यांची पूर्ण यादी (नवा मजकूर अधोरेखित) आणि लेखी युक्तिवाद द्या. मूळ अर्जात नसलेली गोष्ट दाव्यात घुसवता येत नाही. चाचणीचे निकाल असतील तर पेटंट कार्यालयाच्या नियम १.१३२ खालचे प्रतिज्ञापत्र जोडा. वकिलाचे म्हणणे पुरावा ठरत नाही. तुलना सर्वांत जवळच्या जुन्या सीलशीच हवी. शोध उघड नव्हता हे दाखवायला खपाचे आकडे दिलेत, तर तो खप दाव्यातल्या वैशिष्ट्यामुळेच झाला हेही दाखवावे लागते.

मुदत सहसा ३ महिने. शुल्क भरून एकूण ६ महिन्यांपर्यंत वाढते, नंतर अर्ज सोडून दिला असे धरतात. स्वतंत्र संशोधक असाल आणि हक्क मोठ्या कंपनीला दिले नसतील, तर बहुतेक शुल्कांत ६० टक्के सवलत आहे. अंतिम नकार आला, तर परीक्षण पुढे चालू ठेवण्याची विनंती (आरसीई) किंवा पेटंट मंडळाकडे अपील.