सापेक्षीय वस्तुमान

सापेक्षीय वस्तुमान : गतिमान पदार्थाचे वेगानुसार वाढत जाणारे मानलेले वस्तुमान. पदार्थाच्या विराम वस्तुमानाला (तो स्थिर असतानाच्या वस्तुमानाला) लोरेन्ट्स गुणकाने गुणले की ते मिळते. वेग व प्रकाशवेग यांच्या गुणोत्तराचा वर्ग १ मधून वजा करून, उरलेल्या संख्येच्या वर्गमुळाने १ ला भागले म्हणजे हा गुणक येतो. प्रकाशवेगाच्या ०·६ पट वेगाला तो १·२५, तर ०·९९५ पट वेगाला सुमारे १० असतो. कणभौतिकीतून ही संज्ञा जवळजवळ गेली आहे. तेथे वस्तुमान म्हणजे सर्व निरीक्षकांना सारखेच आढळणारे अचल वस्तुमान, म्हणजेच विराम वस्तुमान. अध्यापनात मात्र ती टिकून आहे.

ही कल्पना सापेक्षता सिद्धांताहून जुनी आहे. विद्युत् भारित गोल हलू लागला की त्याच्या क्षेत्रामुळे त्याला जादा जडत्व येते, असे जे. जे. टॉमसन यांनी १८८१ मध्ये दाखवले. पुढे माक्स आब्राहाम व एच. ए. लोरेन्ट्स यांनी इलेक्ट्रॉनासाठी दोन निरनिराळी वस्तुमाने मांडली : बल गतीच्या दिशेने लावले तर अनुदैर्घ्य आणि गतीला काटकोनात लावले तर अनुप्रस्थ. लोरेन्ट्स यांच्या १९०४ मधील मांडणीत अनुप्रस्थ वस्तुमानात गुणकाचा पहिला घात येतो, अनुदैर्घ्य वस्तुमानात तिसरा. आइन्स्टाइन यांच्या १९०५ मधील निबंधात अनुदैर्घ्य वस्तुमान तेच आहे, पण अनुप्रस्थ वस्तुमानात गुणकाचा वर्ग येतो. याला गणिताची चूक समजू नये. इलेक्ट्रॉनाबरोबर जाणाऱ्या निरीक्षकाला जाणवेल ते बल त्यांनी हिशेबात धरले होते. बल म्हणजे संवेगबदलाचा दर, ही व्याख्या प्लांक यांनी १९०६ मध्ये लावली आणि वर्ग नाहीसा झाला. वस्तुमान वेगाबरोबर वाढते हे आइन्स्टाइन यांनी शोधले, हे शिकवताना सर्रास ऐकू येणारे विधान म्हणूनच जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

आज परिचित असलेले एकच सापेक्षीय वस्तुमान जी. एन. लुइस (१९०८) आणि लुइस व आर. सी. टोलमन (१९०९) यांच्या लेखनातून पुढे आले. गतिमान पदार्थाचे वस्तुमान म्हणून हीच राशी सर्वांत सोयीची, असे टोलमन यांनी १९१२ मध्ये स्पष्टपणे म्हटले. श्रेय एकालाच द्यायचे तर टोलमन यांच्याकडे झुकते माप द्यावे लागेल.

प्रायोगिक पुराव्याचा इतिहासही सरळ नाही. व्हाल्टर काउफमान यांनी १९०१ पासून रेडियमच्या संयुगाच्या बारीक कणातून निघणारे बीटा किरण (वेगवान इलेक्ट्रॉन) एकमेकांना समांतर अशा विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांतून सोडले. छायाचित्रण काचेवर उमटलेली वक्ररेषा मोजून वेग आणि भार–वस्तुमान गुणोत्तर काढले जाई. त्यांची १९०५–०६ मधील मापने लोरेन्ट्स यांच्याहून वेगळ्या असलेल्या आब्राहाम यांच्या सूत्राच्या बाजूने झुकत होती. ब्युखरर यांचे १९०८ मधील प्रयोग लोरेन्ट्स–आइन्स्टाइन सूत्राला अनुकूल ठरले, तरी त्यांच्या पद्धतीवर १९३८ मध्ये गंभीर आक्षेप घेतला गेला. सूत्राची निःसंदिग्ध पडताळणी बहुधा १९१४–१५ च्या सुमाराची मानावी.

आक्षेप मुख्यतः असा की, ही राशी म्हणजे ऊर्जेलाच दिलेले दुसरे नाव आहे. ऊर्जेला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागले की ती मिळते. शिवाय ती न्यूटनच्या सूत्रांत सरसकट घालता येत नाही. गतिज ऊर्जा तिच्या व वेगवर्गाच्या गुणाकाराच्या निम्मी येत नाही. सूर्याला लगटून जाणाऱ्या प्रकाशाला असे वस्तुमान देऊन न्यूटनच्या रीतीने विचलन काढले, तर ते प्रत्यक्षाच्या निम्मेच, सुमारे ०·८७ विकला (१ विकला = अंशाचा ३,६०० वा भाग), भरते. फार वेगाने जाणारा पदार्थ शेवटी कृष्णविवर होईल, हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा समजही यातूनच येतो. स्वतः आइन्स्टाइन यांनी १९४८ मधील एका पत्रात ही कल्पना टाळून विराम वस्तुमान, संवेग व ऊर्जा यांच्याच भाषेत बोलावे, असे सुचवले होते. एल. बी. ओकुन यांनी १९८९ मध्ये तिच्यावर कडाडून टीका केली. व्होल्फगांग रिंडलर यांनी तिचा बचाव केला. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग हे परिचित रूप तिच्यामुळे शाबूत राहते, हा बचाव वजनदार आहे. पण हे रूप राखण्यासाठी मोजावी लागणारी किंमत जास्त वाटते.

सायक्लोट्रॉन या कणांना वर्तुळाकार फिरवत वेग देणाऱ्या यंत्राची मर्यादा शिकवताना कणाचे वस्तुमान वाढून तो प्रत्यावर्ती विद्युत् दाबाच्या मागे पडतो, असे अजूनही सांगतात. कंप्रतेचे सूत्र त्याने चुकत नाही. सॉमरफेल्ड यांनी १९१६ मध्ये हायड्रोजनाच्या वर्णपटरेषांची सूक्ष्म रचना याच भाषेत उलगडली होती. रसायनशास्त्रात तर ती फारशा तक्रारीविना नांदते : सोन्याच्या अणूतील सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनाचा वेग ढोबळमानाने प्रकाशवेगाच्या ०·५८ पट, म्हणून वस्तुमान सुमारे १·२२ पट आणि कक्षा त्या प्रमाणात आकसलेली, असा हिशेब करतात. बाहेरच्या एस प्रकारच्या कक्षाही आकसतात आणि डी प्रकारच्या कक्षांच्या ऊर्जापातळ्या वर सरकतात. त्यामुळे सोने निळा प्रकाश शोषते व पिवळे दिसते.