बॉल पायथन : पेटीतली ऊब आणि ओलावा

बॉल पायथन, ब्रिटनमध्ये रॉयल पायथन, शास्त्रीय नाव पायथन रेजियस. आफ्रिकेत सेनेगलपासून युगांडापर्यंत सापडणारा छोट्या चणीचा अजगर, लांबी साधारण तीन ते पाच फूट. जॉर्ज शॉ यांनी १८०२ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखी गुंडाळी करतो, म्हणून बॉल. 'रेजियस' म्हणजे राजेशाही, आणि क्लिओपात्रा हा साप मनगटावर मिरवायची अशी गोष्ट सांगतात, पण त्याचा मुलूख इजिप्तपासून इतका लांब आहे की ती दंतकथाच मानलेली बरी. घाना, टोगो आणि बेनिनमधून कित्येक वर्षं त्याची निर्यात होत आलीय आणि अमेरिका-युरोपात घरोघरी पाळल्या जाणाऱ्या सापांत तो अगदी पुढे आहे.

हा साप दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात पडून असतो आणि रात्री बाहेर येतो. बाहेर गवत उन्हाने करपलेलं असलं तरी बिळात ओल टिकते. पेटी लावताना खरं तर हे बीळच उभं करायचं असतं, आणि ज्यांनी फक्त 'आफ्रिकेतला साप म्हणजे गरम कोरडी हवा' एवढंच धरलं त्यांचे साप वर्षानुवर्षं फाटकी कात टाकत राहिले.

पेटीत एक बाजू गरम आणि एक थंड ठेवायची, ही पद्धत कधीपासूनची ते वेगवेगळ्या टोकांनी मोजतात. काहीजण लंडन झूच्या १८४९ च्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या घरापासून सुरुवात धरतात, काही त्याही आधीच्या, झाडं ठेवायच्या वॉर्डच्या काचपेट्यांपासून. पण काचपेटी असणं किंवा अख्खी खोली गरम ठेवणं वेगळं आणि सापाला निवडायला दोन टोकं देणं वेगळं, त्यामुळे रेमंड कौल्स आणि चार्ल्स बोगर्ट या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अमेरिकन अभ्यासकांचं १९४४ चं काम हीच जास्त पटणारी सुरुवात वाटते. वाळवंटातले सरडे आणि साप नुसते हवेबरोबर तापत-निवत नाहीत, ऊन-सावलीत ये-जा करून आपलं तापमान स्वतः सांभाळतात, हे त्यांनी मोजून दाखवलं. तिथून पुढे 'पेटीचं तापमान किती' हा प्रश्नच अपुरा ठरतो, कुठल्या कोपऱ्यात किती हे विचारावं लागतं.

आजचे आकडे साधारण असे : ऊब घ्यायच्या जागेचा पृष्ठभाग ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, गरम बाजूची हवा ३० ते ३२, थंड बाजू २४ ते २७, आणि रात्रीसुद्धा २३-२४ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. लपायची जागा दोन्हीकडे हवी, कारण एकच असली तर हा भित्रा साप ऊब सोडेल पण लपणं सोडणार नाही.

ह्युमिडिटीचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. मीटरवर दिसते ती सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाची हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ आत्ता आहे ते. २५ अंशांची हवा घनमीटरला सुमारे २३ ग्रॅम वाफ धरते, ३२ अंशांची जवळपास ३४ ग्रॅम. म्हणजे थंड बाजूला ८० टक्के दिसत असेल तर तीच हवा, तेवढीच वाफ, गरम बाजूला जाऊन ५४ टक्क्यांच्या आसपास दिसते. पाणी कुठे गेलेलं नसतं. हे माहीत नसलं की माणूस गरम बाजूचा आकडा बघून घाबरतो, फवारा मारतो, अर्ध्या तासात ते उडून जातं, परत मारतो, आणि शेवटी वर कोरडं आणि खाली चिखल. म्हणून मीटर दोन लावावेत, आणि फवाऱ्यापेक्षा तीन-चार इंच जाड थर घालावा, नारळाच्या काथ्याचा भुसा म्हणजे नर्सरीत मिळतं ते कोकोपीट, नाहीतर सायप्रसचा भुगा. पाणी कडेने हळूच तळाशी ओतायचं, वरचा थर हाताला कोरडा लागला पाहिजे आणि खालचा मुठीत दाबल्यावर ओलसर. जाळीचं झाकण असेल तर वाफ सगळी वरून जाते, अर्धं-पाऊण झाकून टाकावं पण हवा बंद करू नये.

आकडा किती हवा यावर दोन पक्ष आहेत. जुनी पुस्तिकांतली शिफारस ५० ते ६० टक्के, अलीकडचे पाळणारे ७० ते ८० म्हणतात. जुन्यांची भीती खोटी नव्हती, घाणेरड्या ओल्या बिछान्यावर पोटाचे खवले सडतात, फोड येतात. पण तो दोष साचलेल्या ओलीचा आणि कोंदट हवेचा. पृष्ठभाग कोरडा आणि हवा खेळती असेल तर वरचा आकडा जास्त बरोबर वाटतो, आणि त्याचा पुरावा कातच देते. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळसर होतात, मग परत स्वच्छ होतात आणि त्यानंतर काही दिवसांत कात ओठांपासून सुटून उलट्या मोज्यासारखी शेपटीपर्यंत अखंड निघते. ती उजेडात धरून डोळ्यांवरच्या दोन गोल चकत्या आल्यात का बघायचं. नसतील तर डोळ्यावर राहिल्यात. त्या नखाने काढायला जाऊ नये, डोळा जातो. ओलसर मॉस भरलेला डबा लपायला द्यावा, तरी नाही निघालं तर डॉक्टर. तोंड उघडं ठेवून मान वर करतोय, श्वासाला शिट्टीसारखा आवाज आहे, तोंडाशी बुडबुडे आहेत, तर तेव्हाही थेट डॉक्टर.

साधनांत हीट मॅट, सिरॅमिक एमिटर (उजेड न देता नुसती ऊब देणारा) आणि हॅलोजन दिवा. मॅट खालचा पृष्ठभाग तापवते, हवा फारशी नाही. एमिटर आणि दिवा वरून तापवतात पण हवा कोरडी पडते. काहीही घ्या, थर्मोस्टॅटशिवाय लावू नका, आणि त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, घट्ट बसवा, कारण सापाने तो सरकवून थंड बाजूला नेला की थर्मोस्टॅटला वाटतं अजून गारच आहे आणि मॅट तापतच राहते. पोट भाजलेले साप अशाच चुकांतून येतात. गरम होणारे कृत्रिम दगड तर टाळाच.

भारतात अजगर, धामण, नाग असे देशी साप पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. अमेरिकेच्या थंड राज्यांत राहणाऱ्या मराठी पाळणाऱ्यांची अडचण हिवाळ्यातल्या हीटरची, घरातली हवा पार सुकून जाते. मुंबईत जुलैमध्ये बरोबर उलटं, तिथे हवा खेळती ठेवायची काळजी.

अंडी ३१-३२ अंशांना दमट व्हर्मिक्युलाइटवर (ओल धरून ठेवणारं खनिज) ठेवली तर ५५ ते ६० दिवसांत फुटतात. मादीवर सोडली तर ती अंड्यांभोवती घट्ट वेटोळं घालून बसते. बर्मीज अजगरासारख्या काही मोठ्या अजगरांची मादी असं बसून स्नायू थरथरवते आणि ऊब तयार करते, पॅरिसला प्राणिशास्त्रज्ञ वलांसिएन यांनी १८४१ मध्ये ही ऊब मोजली होती. बॉल पायथनची मादी तशी थरथरत नाही, तिचं वेटोळं मुख्यतः अंड्यांतलं पाणी उडू नये म्हणून असतं.