बीआयटी वेगळी, बीडीडी वेगळी

दर 14 एप्रिलला कुणीतरी लिहितंच, 'बाबासाहेब परळच्या बीडीडी चाळीत राहायचे.' परळला पोयबावडीजवळ, दामोदर हॉलच्या बाजूला ते 1912 ते 1934 राहिले ती बीआयटी, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, चाळ क्रमांक 1. खोल्या 50 आणि 51. बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, हे खातं जन्मालाच आलं 1920 साली, तोवर बाबासाहेबांना त्या चाळीत आठ वर्षं झाली होती. एवढी साधी बेरीज कुणी करत नाही.

चाळ काय असते ते मी सांगत बसत नाही. एक खोली, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा, सामाईक संडास, उन्हाळ्यात पॅसेजमध्ये अंथरलेल्या गाद्या. हे दोन्हीकडे सारखंच. दोन्ही सरकारी कृपेने उभ्या राहिल्या आणि दोन्हींना नावाऐवजी नंबर, म्हणून घोळ होतो.

आधी बीआयटी. 1896 ला प्लेग आला आणि 1898 ला हा ट्रस्ट. दाट वस्त्या पाडायच्या, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढायचे आणि उठवलेल्यांपैकी काहींना आग्रीपाडा, चंदनवाडी, मांडवी कोळीवाडा अशा ठिकाणी चाळींत बसवायचं. दादरची हिंदू कॉलनीही याच ट्रस्टच्या आखणीतली, पण तिथल्यांना हे नातं सांगितलेलं फारसं रुचत नाही.

आता बीडीडी. पहिल्या महायुद्धानंतर गिरणी कामगारांना राहायला जागा नव्हती. गव्हर्नर लॉइड यांनी 50,000 खोल्यांचा बेत केला आणि पैशासाठी कापसाच्या गाठीमागे 1 रुपया कर बसवला. वरळीत 121, नायगावात 42, डिलाईल रोडला 32 आणि शिवडीला 12, अशा 207 चाळी झाल्या. तळमजला अधिक तीन माळे, माळ्यावर 20 खोल्या, मधून अंधारा पॅसेज, खोली 160 चौरस फुटांची. वरळी तेव्हा गावाबाहेर, भाडं परवडेना, त्यामुळे कित्येक खोल्या रिकाम्याच राहिल्या. मग सविनय कायदेभंगाच्या दिवसांत सरकारने तिथे सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग केला.

आता ज्यावरून माणसं खरोखर फसतात ते. मालक कोण?

1933 मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि बीआयटी चाळींची मालकी पालिकेकडे आली. बीडीडी चाळी राज्य शासनाकडे राहिल्या, देखभाल सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. शंभर वर्षांनी पुनर्विकासाची वेळ आल्यावर सगळा खेळ इथेच आहे. बीडीडीचा प्रकल्प शासनाने म्हाडा या आपल्या गृहनिर्माण संस्थेमार्फत थेट हाती घेतला. रहिवाशाला 500 चौरस फुटांचं घर, आणि वरळीत पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या 2025 च्या ऑगस्टमध्ये. बीआयटीवाल्याला यातलं काहीही आपोआप लागू होत नाही. त्याची गाडी पालिकेच्या भाडेकरू वसाहतींच्या नियमाने जाते. तिथे रहिवाशांनी सोसायटी करायची, विकासक गाठायचा, प्रस्ताव पालिकेकडे न्यायचा. एकाच रस्त्यावरच्या दोन चाळींचं काम वेगवेगळ्या वेगाने चालतं ते यामुळे.

तरीही म्हाडाची बातमी आली की आग्रीपाड्याच्या बीआयटी चाळींच्या ग्रुपवर 'आपल्याला 500 फूट!' फिरायला लागतं, आणि खालच्या माळ्यावरचे काका कागदपत्रांची झेरॉक्स काढून म्हाडाच्या वांद्र्याच्या कचेरीत जायला निघतात. एक दिवस खाडा, वर मनस्ताप. ही फॉरवर्ड करणाऱ्यांची मला मनापासून चीड आहे.

बीडीडी म्हणजे सगळं सारखंच, असंही धरू नका. शिवडीच्या 12 चाळींखालची जमीन बंदर प्राधिकरणाची, म्हणजे केंद्राची. त्यामुळे वरळीला टॉवर उभे राहिले तरी शिवडी अडकलेलीच.

2022 मध्ये वरळी, नायगाव आणि डिलाईल रोडच्या चाळींना पुढाऱ्यांची नावं देण्याचं ठरलं. ठरू दे. टॅक्सीवाल्याला अजून 'बीडीडी, जांबोरी मैदान' एवढंच कळतं आणि मीही तेच म्हणतो.

आपली चाळ कुठली याचा अजून गोंधळ असेल तर जुनी भाडेपावती काढा. पालिकेची असेल तर बीआयटी, सार्वजनिक बांधकाम खात्याची असेल तर बीडीडी. म्हाडाकडे चकरा मारायच्या की पालिकेकडे, हे मग ठरवा.