घरगुती फ्लाइट सिम्युलेटरची अनेक मॉनिटरवरील मांडणी

फ्लाइट सिम्युलेटरमधले कॉकपिटबाहेरचे दृश्य एकाऐवजी अनेक पडद्यांवर पसरवण्याची ही पद्धत. समोर एक आणि दोन्ही बाजूंना कोनात वळवलेला एकेक, अशी तीन मॉनिटरची रचना सर्वांत रूढ आहे. उपकरणांसाठी खाली चौथा, लहान पडदाही पुष्कळ जण जोडतात. दोन मॉनिटर शेजारी ठेवून त्यांवर बाहेरचे दृश्य दाखवण्यात अर्थ नाही, कारण मधली कड बरोबर वैमानिकाच्या नाकासमोर, म्हणजे धावपट्टीच्या मध्यरेषेवर येते. दोनच मॉनिटर असतील तर दुसऱ्यावर चार्ट (उड्डाणाचे नकाशे) लावावेत.

माणसाला दोन्ही डोळ्यांनी मिळून आडवे सुमारे २०० अंश दिसते. विमान कंपन्या वापरतात त्या लेव्हल डी दर्जाच्या सिम्युलेटरमध्ये प्रत्येक वैमानिकाला आडवे १८० आणि उभे ४० अंश दृश्य मिळावे लागते. त्या तुलनेत घरचा २७ इंची मॉनिटर ७० सेंटिमीटरवरून पाहिला, तर जेमतेम ४६ अंश व्यापतो. तीन मॉनिटर नीट वळवून लावले की आकडा १४१ वर जातो. टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) वळणाचा अंदाज, बेसवरून (धावपट्टीला आडव्या टप्प्यावरून) फायनलला (धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर) वळताना धावपट्टीवरची नजर आणि फ्लेअरच्या (टेकण्याआधी नाक उचलण्याच्या) वेळी डोळ्यांच्या कडेने जाणवणारी जमिनीची धाव या तीन गोष्टींत फरक लगेच कळतो.

अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. डाव्या सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या डाव्या वळणांच्या फेरीत) डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेच्या टप्प्यावर असताना धावपट्टीचे टोक विमानाच्या नाकापासून बरोबर ९० अंशांवर येते, आणि ते मागे सरकून १३५ अंशांच्या आसपास गेले की बेसचे वळण घेतात. तीन मॉनिटर डावीकडे ७० अंशांपर्यंतच पोचतात. म्हणजे मान वळवून पाहण्याचे काम जॉयस्टिकवरच्या हॅट स्विचला (अंगठ्याने चारही दिशांना हलवायच्या बटणाला) करावे लागते.

मोजमाप

या मांडणीत खर्च मॉनिटरवर होतो, पण ती जमते की फसते हे टेप आणि कॅल्क्युलेटर ठरवतात. सिम्युलेटरला दिलेला दृश्यकोन आणि मॉनिटरने डोळ्याशी प्रत्यक्ष केलेला कोन एकच असेल, तरच बाहेरचे जग खऱ्या मापाचे दिसते. जास्त दिसावे म्हणून कोन वाढवला की धावपट्टी लहान आणि दूर भासते, आणि फ्लेअरची उंची चुकते.

२७ इंची, १६:९ प्रमाणाच्या मॉनिटरचा दिसणारा भाग ५९.८ सेंटिमीटर रुंद आणि ३३.६ सेंटिमीटर उंच असतो. आसनावर नेहमीसारखे टेकून बसावे आणि डोळ्यापासून मधल्या पडद्यापर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाला मोजायला सांगावे. स्वतः मोजताना माणूस नकळत पुढे झुकतो. अंतर ७० सेंटिमीटर आले असे धरू. अर्धी रुंदी २९.९ भागिले ७०, त्याचा व्यस्त टॅन (tan⁻¹), गुणिले दोन: ४६.३ अंश. हा एका पडद्याचा दृश्यकोन. कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिला असेल तर उत्तर ०.८च्या आसपास येते. तसे दिसले की तो अंशांवर आणून पुन्हा करावे.

दोन मॉनिटरमधला कोन यापेक्षा थोडा जास्त असतो, कारण मध्ये कडा आहेत. कड ८ मिलिमीटरची असेल तर अर्ध्या रुंदीत तेवढी मिळवून ३०.७ भागिले ७० घेऊन वरचेच गणित करावे, उत्तर ४७.४ अंश. नवखे लोक बाजूच्या पडद्यांच्या वळणालाही ४६.३च देतात. तसे केले तर कडेमागचा सव्वा अंशाच्या आतबाहेरचा तुकडा झाकला न जाता तिथेच चिकटतो, आणि कड ओलांडताना रेषा तुटते.

टेबलाची गणितेही आधीच करावीत. या मापांत बाजूचे मॉनिटर वैमानिकाकडे सुमारे ४५ सेंटिमीटर पुढे येतात आणि तिघांची टोकाटोकाची रुंदी १४५ सेंटिमीटर भरते. चार फुटी टेबलावर दोन्ही बाजूंचे पडदे बारा-बारा सेंटिमीटर बाहेर लटकतात, शिवाय थ्रॉटलवर (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायच्या दांड्यावर) हात ठेवला की कोपर उजव्या मॉनिटरला लागते.

बसवणे

मॉनिटरसोबत आलेले पाय या कामाला निरुपयोगी. ते एकमेकांत अडकतात आणि कडा भिडू देत नाहीत. मागच्या बाजूची चार भोके १०० × १०० किंवा ७५ × ७५ मिलिमीटर या वेसा (मॉनिटर टांगण्यासाठी ठरलेल्या) मापाची असल्याची खात्री खरेदीआधीच करावी. त्यांत बहुधा एम४ स्क्रू बसतात. स्क्रू लांब घेतला तर तो आत पॅनेलपर्यंत घुसण्याचा धोका असतो. स्टँड टेबलाला क्लॅम्पने लावण्यापेक्षा जमिनीवर स्वतंत्र उभा केलेला बरा. योक (विमान वळवायचे हातातले सुकाणू) टेबलालाच आवळलेला असतो, आणि तो जोरात ओढला की टेबलाबरोबर तिन्ही पडदे डोलतात. ४० × ४० मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम प्रोफाइलची चौकट हा टिकाऊ उपाय आहे.

कोन लावायला ४७.४ अंशांचा पुठ्ठ्याचा साचा कापता येतो, पण दोरीची पद्धत अधिक भरवशाची. ७० सेंटिमीटरच्या दोरीचे एक टोक दोन डोळ्यांच्या मध्ये धरावे आणि दुसरे बाजूच्या पडद्याच्या बरोबर मधोमध न्यावे. दोरी ताठ होऊन पडद्याला काटकोनात टेकली की मॉनिटर जागेवर आला. ती सैल पडली तर तो जवळ आहे, पोचलीच नाही तर लांब. उंचीला लेव्हल लावावी आणि पडद्यांचा मध्य डोळ्यांच्या रेषेत ठेवावा, कारण विमान समतल असताना क्षितिज डोळ्यांच्या उंचीवर असते.

तिन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे घ्यावेत. वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर आकाशाचा निळा तीन तऱ्हांचा दिसतो, आणि कितीही रंग जुळवले तरी संध्याकाळच्या उजेडात फरक उघडा पडतो. बाजूचे पडदे तिरके दिसत असल्याने, कोनातून पाहिले तरी रंग फारसा न बदलणारे आयपीएस जातीचे पॅनेल बरे. पडदे उभे लावायचे असतील तर टीएन जातीचे पॅनेल टाळावेच: त्याची खालून-वरून पाहताना रंग बदलण्याची खोड उभे केल्यावर डाव्या-उजव्या डोळ्यांच्या वाट्याला येते.

जोडणी आणि ताकद

आजच्या बहुतेक ग्राफिक्स कार्डांना तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असते, म्हणजे चार पडदे चालतात. साधा, स्वस्त अडॅप्टर डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडेच जातो. संगणकाच्या एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्ट मॉनिटर चालवायचा तर वेगळा, वीज लागणारा रूपांतरक हवा. मदरबोर्डच्या पोर्टला दृश्याचा पडदा जोडू नये. तिथे चार्टचा मॉनिटर चालेल.

१९२० × १०८०चे तीन पडदे मिळून ६२ लाख पिक्सेल होतात, म्हणजे एका फोर-के पडद्याच्या ८३ लाखांपेक्षा कमीच. २५६० × १४४०चे तीन घेतले की आकडा १ कोटी १० लाखांवर जातो. पण पिक्सेल मोजून अंदाज बांधणारे फसतात. तीन कोनांतून तीन स्वतंत्र दृश्ये काढायची म्हणजे इमारती, झाडे, ढग यांची यादी प्रोसेसरला तीनदा तयार करावी लागते, आणि ग्राफिक्स कार्ड रिकामे बसलेले असतानाही फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) कोसळतो. अशा वेळी रिझोल्यूशन कमी करून काही होत नाही. वस्तूंची संख्या, सावल्या आणि रस्त्यांवरची वाहतूक कमी करावी.

सॉफ्टवेअर

ग्राफिक्स कार्डांसोबतच्या एनव्हिडियाच्या सराउंड आणि एएमडीच्या आयफिनिटी या सोयी तीन मॉनिटरचा एकच रुंद पडदा बनवतात. लावायला सोपे, पण दृश्य एकाच सपाट कॅमेऱ्यातून येते. १४१ अंश या रीतीने दाखवायला गेल्यास मधला पडदाच ८७ अंश गिळतो, बाजूंच्या वाट्याला २७-२७ येतात आणि कडेची झाडे रबरासारखी ताणली जातात. वळवलेल्या मॉनिटरसाठी प्रत्येक पडद्याला स्वतःचा कॅमेरा हवा.

यात एक्स-प्लेन या सिम्युलेटरच्या ११ आणि १२ या आवृत्त्या सर्वांत सरळ आहेत. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये तिन्ही मॉनिटरना पूर्ण पडद्याचे सिम्युलेटर दृश्य द्यावे, प्रत्येकाचा आडवा दृश्यकोन ४६.३ ठेवावा, आणि आडव्या विस्थापनात डाव्याला उणे ४७.४, मधल्याला शून्य, उजव्याला अधिक ४७.४ भरावे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये ही सोय २०२२च्या सिम अपडेट १०मध्ये प्रायोगिक म्हणून आली. तिथे जादा खिडक्या उघडून त्यांचे कॅमेरे नजरेने जुळवावे लागतात, त्यामुळे अचूकपणा हाताच्या कसबावर राहतो. उजवी ऑल्ट दाबून उपकरणावर क्लिक केले की ते वेगळ्या खिडकीत निघते आणि खालच्या पडद्यावर नेता येते. अशी प्रत्येक खिडकी फ्रेम रेटमधून आपला वाटा घेते. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये लुआ भाषेतल्या फाइलमध्ये पडद्यांचे भाग आकड्यांनी लिहितात. ती फाइल सेव्ह्ड गेम्सच्या फोल्डरमध्ये ठेवावी. खेळाच्या मूळ फोल्डरमध्ये ठेवली तर दुरुस्तीच्या वेळी गायब होऊ शकते. फ्लाइटगिअर हे मोफत सिम्युलेटर अनेक कॅमेरे चालवते, आणि दृश्ये वेगवेगळ्या संगणकांवर वाटूनही देते.

तपासणी आणि नेहमीचे बिघाड

समतल उड्डाणात क्षितिज तिन्ही पडद्यांवर सरळ दिसले म्हणून मांडणी बरोबर आहे असे समजू नये. आडवी रेषा मॉनिटरच्या उंचीतली चूक दाखवते, कोनातली लपवते. विमान २० अंश कलते करावे, पॉज दाबावा आणि कडांजवळ क्षितिज पाहावे. कडेची रुंदी हिशेबात धरलेली नसेल, तर वरच्या उदाहरणात रेषा कड ओलांडताना सुमारे अर्ध्या सेंटिमीटरची पायरी घेते. पायरीऐवजी रेषेला कोपर आला असेल, तर दृश्यकोन चुकला आहे किंवा डोळा ठरलेल्या जागी नाही. डोके हलवून पाहिले की दुसरे कारण लगेच कळते.

दृश्य वळणात अडखळत असेल तर तिन्ही मॉनिटरचा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो तो आकडा) तपासावा. एक १४४ हर्ट्झवर आणि दोन ६०वर, असे विंडोजने परस्पर केलेले असते. माउस एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना उडी मारत असेल, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचे चौकोन वरखाली सरकलेले असतात, किंवा एकाचे स्केलिंग १२५ टक्के राहिलेले असते. डिस्प्लेपोर्टवरचा मॉनिटर बटणाने बंद केला की अनेकदा विंडोजला तो काढल्यासारखा वाटतो, आणि उपकरणांच्या सगळ्या खिडक्या मधल्या पडद्यावर येऊन पडतात. म्हणून तिन्ही मॉनिटर एकाच स्विच असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्यावेत, आणि आधी मॉनिटर, मग संगणक या क्रमाने सुरू करावे.