धोंडो, दगडू आणि ‘नाव नाही’

पुण्यात पहिल्यांदा आलेला पाहुणा दगडूशेठचा गणपती बघितल्याशिवाय परत जात नाही. कोथरूडला जायला रिक्षा केली तर ‘कर्वे पुतळा’ म्हणावंच लागतं, आणि तो पुतळा महर्षी धोंडो केशव कर्व्यांचा. एकीकडे दगड, दुसरीकडे धोंडा. ही नावं जिभेवर इतकी रुळली आहेत की पोटच्या पोराला कुणी असं नाव का ठेवत असेल, हे कधी मनातही येत नाही. माझ्या मनात आलं ते भाचीच्या मुलाच्या बारशाला.

नावांची यादी मोबाइलवर होती, चांगली दीडेकशे नावांची. अट एकच: नातेवाइकांत, सोसायटीत, दोघांच्या ऑफिसात हे नाव कुणाचं नको. बाळाच्या पणजीबाई खुर्चीत बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “माझ्या मामाचं नाव कचरू होतं. ते ठेवा, सोसायटीत कुणाचं नसेल.” सगळे हसले. पणजीबाई हसल्या नाहीत. “त्याच्या आधीची तीन गेली होती,” एवढंच बोलल्या.

आधीची मुलं जगली नाहीत की नंतरच्याचं नाव मुद्दाम टाकाऊ ठेवायचं, ही आपली जुनी रीत. दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू ही सगळी त्यातलीच. खानदेशात बाळाला सुपात घालायचे म्हणून सुपडू. मुलाचं नाक टोचून नथ घालायची, मुलगी आहे असं भासवायचं, म्हणून नथू. दृष्ट लावणाऱ्याला किंवा मुलं नेणाऱ्या कुणा शक्तीला वाटावं, इथे नेण्यासारखं काही नाही. (प्रत्येक धोंडूमागे असं दुःख असेलच असं नाही. अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, त्यात जन्मलेल्यालाही हे नाव मिळायचं.)

हा भोळसटपणा वाटत असेल तर जुने आकडे बघा. आधुनिक औषधोपचारांच्या आधी जगात कुठेही जा, साधारण चारातलं एक मूल पहिल्या वाढदिवसाआधी जायचं आणि जवळपास निम्मी वयात येण्याआधी. भारतात 2020 साली हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू 28 होते, महाराष्ट्रात 16. पणजीबाईंच्या मामाच्या वेळी ते याच्या कितीतरी पट होते.

पाचव्या दिवशी सटवाई पुजायची, बारशाला बाराव्या दिवसापर्यंत थांबायचं, या दिवसांकडेही जरा वेगळ्या नजरेनं बघता येतं. नवजात बाळाच्या धनुर्वाताची लक्षणं बहुधा जन्मानंतर 3 ते 14 दिवसांत दिसतात. या रोगाचे जंतू मातीत आणि शेणात असतात. घरातल्याच विळ्यानं नाळ कापली, वर राख किंवा शेण लावलं की ते आत शिरतात. धडधाकट जन्मलेलं बाळ दोन-चार दिवस छान दूध पितं, मग त्याचा जबडा आवळतो, ते दूध ओढेनासं होतं. पंजाबात या रोगाला आठव्या दिवसाचा रोग म्हणत. सटवाईची पूजा धनुर्वातामुळेच सुरू झाली असं मी म्हणणार नाही, पण ज्या रात्री आयांना सर्वात जास्त धास्ती असायची, त्याच रात्री ती येते. गर्भवतींना धनुर्वाताची लस आणि दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, आणि 2015 मध्ये भारतातून हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं जाहीर झालं.

गंमत म्हणजे ही फसवाफसवी आपल्यापुरती नाही. मंगोलियात नेरगुई नावाची माणसं भेटतात, अर्थ ‘नाव नाही’. एनेबिश म्हणजे ‘हा नव्हे’, खुनबिश म्हणजे ‘माणूस नव्हे’. चीनच्या खेड्यांत गौशेंग, म्हणजे कुत्र्यानं हुंगून सोडून दिलेलं उरलंसुरलं. तुर्कस्तानात मात्र लपवाछपवी नाही, तिथे सरळ विनवणी असते: दुर्सुन म्हणजे ‘राहू दे’, याशार म्हणजे ‘जगतो’.

पण मला सगळ्यात जास्त हलवून गेली ती नायजेरियातल्या योरुबा लोकांची नावं. एकाच घरात एकामागून एक मुलं दगावली तर योरुबा म्हणत, ही वेगवेगळी मुलं नाहीत, एकच जीव येतो आणि जातो. अशा मुलाला अबिकू म्हणायचे, आणि त्याचं नाव म्हणजे त्याच्याशीच बोलणं. मालोमो: ‘पुन्हा जाऊ नकोस’. दुरोजाये: ‘थांब, जगण्याची मजा घे’. आणि कोसोको, ‘कुदळ नाही’. तू गेलास तर खड्डा खणायला आमच्याकडे कुदळ नाही, तेव्हा जाऊ नकोस. हे नाव धारण करणारा एक जण 1845 ते 1851 या काळात लागोसचा राजा होता.

‘येतो आणि जातो’ या समजुतीत एक वैद्यकीय निरीक्षण दडलेलं असावं, असं काही संशोधकांना वाटतं. सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नायजेरियात खूप आहे. तिथे चार-पाच माणसांमागे एक जण त्याचा वाहक असतो. वाहकाला स्वतःला फारसा त्रास नसतो, उलट मलेरियापासून थोडं संरक्षणच मिळतं, आणि म्हणून हे जनुक तिथे टिकून राहिलं. पण आई-वडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते की मूल आजारी निघेल. असं मूल पहिले काही महिने ठणठणीत दिसतं, कारण गर्भात असतानाचं हिमोग्लोबिन अजून रक्तात असतं. ते ओसरलं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू लागतात, अंग दुखतं, संसर्ग होतात. त्याच घरात, तशाच चेहऱ्याचं, तसंच हसतंखेळतं मूल पुन्हा तसंच जातं. आईला तोच जीव परत आला असं वाटलं तर नवल काय? मलेरियानं आणि जुलाबानं गेलेली मुलंही यात असणारच, सगळं सिकल सेलवर ढकलता येणार नाही. हा आजार आपल्याकडे नंदुरबार आणि गडचिरोलीतही आहे.

मुलींच्या नावांचं गणित वेगळं. तिथे कुणाला फसवायचं नसतं, मनातलंच बोललेलं असतं. तुर्की येतेर म्हणजे ‘पुरे’, चिनी झाओदी म्हणजे ‘धाकट्या भावाला बोलाव’, जपानी तोमे म्हणजे ‘थांबव’, आणि आपली नकोशी. 2011 च्या ऑक्टोबरात साताऱ्यात एका समारंभात अशा 285 मुलींना नवी नावं दिली गेली. कचरूची आई खोटं बोलत होती, नकोशीच्या घरचे खरं बोलत होते. दोन्ही नावं टाकाऊ दिसतात म्हणून एका पिशवीत भरू नयेत.

आता मूल जगणार हे आई-बाप गृहीत धरतात. त्यामुळे नावाचं काम पार उलटं झालंय. पूर्वी नावानं मुलाला लपवायचं असे, आता त्याला उठून दिसायचं असतं. आणि इथेच फसगत होते. पुण्यातल्या कुठल्याही बालवाडीची हजेरी ऐका: विवान, विहान, अयांश, रेयांश, शिवांश, अद्विक. प्रत्येकाच्या घरी हे नाव ‘अगदी वेगळं’ म्हणून ठेवलेलं.

असं का होतं? मॅथ्यू हान आणि अलेक्झांडर बेंटली या संशोधकांनी 2003 मध्ये अमेरिकेतल्या विसाव्या शतकातल्या नावांचा अभ्यास केला. बहुतेक पालक आजूबाजूचं एखादं नाव सहज उचलतात आणि थोडेच जण नवं घडवतात, एवढंच गृहीत धरून त्यांनी गणित मांडलं. प्रत्यक्षात दिसतं तेच उत्तर आलं: मोजकी नावं प्रचंड चालतात, बाकीच्या हजारो नावांना जेमतेम कुणीतरी मिळतं. 2012 चा आणखी एक अभ्यास सांगतो की नावाबरोबर त्यातले ध्वनीही पसरतात. 2005 मध्ये कॅटरिना वादळाचं नाव बातम्यांत सतत कानावर पडलं. मुलीला कॅटरिना म्हणायला लोक कचरले, पण ‘क’नं सुरू होणारी नावं सुमारे 9 टक्क्यांनी वाढली. ‘वि’, ‘यांश’ आणि ‘हान’ आपल्या कानात असेच शिरले असावेत. नाव यादीतून उडवता येतं, कानात बसलेला ठेका उडवता येत नाही.

भाचीनं शेवटी ठरवलेलं नाव इथे सांगत नाही. ते ‘यांश’नं संपतं, एवढं पुरे. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव सांगितलं, बायकांनी पाठीत धपाटे घातले. बाळाला अर्थात काही कळलं नाही. आपल्या नावाचा आवाज बाळ साधारण साडेचार महिन्यांचं झालं की ओळखू लागतं, असं 1995 च्या एका प्रयोगात दिसलं होतं. तोवर त्याला कचरू म्हटलं काय आणि आणखी काही म्हटलं काय.

पाळण्याचे फोटो काढताना फोटोग्राफर थांबला. बाळाच्या गालावर काजळाची तीट होती, चांगली रुपयाएवढी. तेवढी पुसून घ्या, फोटोत डाग दिसतोय, म्हणाला. पणजीबाईंनी काजळाची डबी पुन्हा उघडली आणि दुसऱ्या गालालाही बोट लावलं.